बेलटोल्याच्या घाटाचे भैयाजी

वैनगंगेच्या फुगवट्याचे पाणी सकाळी आरशासारखे स्थिर असते, आणि त्या स्थिरतेवर विसंबू नये, हे भैयाजींना पुरते ठाऊक होते. म्हणून ऊन झाडांच्या शेंड्यांवर उतरण्याआधीच ते नव्या बेलटोल्याच्या घाटावर उतरत. आधी पाण्यात रोवलेल्या खांबावरची रेघ पाहायची. गोसीखुर्दच्या धरणाने पाणी किती चढवले, किती ओढून घेतले, ते तिथे कळे. मग खांद्यावरचा दुपट्टा हवेत धरून वाऱ्याचा कल घ्यायचा. मग लोखंडी डोंग्याच्या, म्हणजे नावेच्या, तळाला हात लावून ओल चाचपायची. आणि सरतेशेवटी टिनाच्या खोलीतली नारंगी जाकिटे एकेक बाहेर काढून प्रत्येकाचा पट्टा ओढून पाहायचा. देवघरातली भांडी उजळावीत त्या निगुतीने हा साठीतला माणूस ती जाकिटे पुसत असे.

डोंग्याच्या कुशीवर त्यांनी पांढऱ्या रंगाचा एक पट्टा ओढला होता. चौदा माणसे बसली की तो पाण्याच्या वर बोटभर उरे. पंधरावा पाय आत पडला की भैयाजी दोर सोडत नसत. मग तो पाय सरपंचांचा असो की स्वतःच्या जावयाचा. नदीपलीकडे राहिलेल्या धानाच्या बांध्यांवर, शेतांवर जाणारी माणसे चिडत, कुरकुरत आणि अखेर पुढच्या खेपेची वाट पाहत बसत.

या पाण्याखाली जुने बेलटोला होते. धरण भरले, गाव उठले, माणसे उंचावरच्या नव्या वस्तीत आली. पण भैयाजींच्या डोळ्यांपुढून गाव काही उठले नाही. शाळेमागचे सेमलाचे झाड कुठे उभे आहे, आंब्याचे खोड पाण्याखाली हातभरावर कुठे दबा धरून आहे, हे त्यांना अचूक माहीत होते. अशा प्रत्येक खोडाला त्यांनी तेलाचा रिकामा डबा लाल रंगवून बांधला होता. डोंगे त्या डब्यांमधून जात. वरून पाहणाऱ्याला ती पाण्यातली वाट दिसे; भैयाजींना ती गावातली गल्ली दिसे.

आणि त्या गल्लीच्या टोकाला होती मातामाय. गावाची आई. शेंदराचा तांदळा, भोवती दगडी ओटा, वर कडुनिंब. गाव सोडताना मूर्ती न्यावी की न न्यावी यावर तीन दिवस पंचायत बसली होती. शेवटी म्हातारे म्हणाले, माय जागची हलत नाही. लेकरांनीच तिच्याकडे जावे. तेव्हापासून दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, दिवशी सारा गाव डोंग्याने त्या जागी जाई. कडुनिंबाचा वाळलेला शेंडा तेवढा पाण्यावर दिसे. तिथे आले की बायाबापड्या उठून उभ्या राहत, डावीकडे वळत, वाकून नारळ सोडत, हात जोडत. पाण्याखालच्या आईला बसल्या जागेवरून कोण नमस्कार करील? आईपुढे लेकरू उभेच राहायचे!

नऊ वर्षांपूर्वी याच भक्तीत घात झाला. तेव्हा डोंगा लाकडी होता, साऱ्या गावाचा होता, आणि हाकायची पाळी भैयाजींची होती. एकवीस माणसे बसली होती. सारी उठली, सारी डावीकडे वळली. क्षणात डोंगा कलंडला. सतरा माणसांना कोळ्यांच्या होड्यांनी वर घेतले. चार माणसे वर आली नाहीत. त्यांत सुंदरबाईंची एकुलती एक लेक होती, रुखमा. वय एकोणीस.

पंचनामा झाला, जबाब झाले. गावाने एकमुखाने सांगितले, कोणाचा दोष नाही, मायनं बोलावलं. सुंदरबाईंनीही तेच सांगितले. त्या दिवसापासून त्या माउलीने तेवढ्या एका वाक्यावर श्वास धरला होता. लेक पाण्यात गेली नाही, मायच्या मांडीवर गेली. पोरीच्या लग्नासाठी घेतलेले हिरवे लुगडे पेटीत ठेवून त्या वाट पाहत राहिल्या, की मायच्या जागी पुन्हा जायला मिळेल तेव्हा तिची ओटी भरीन. कारण तहसीलने ती यात्रा बंद केली होती.

भैयाजींनी त्या दिवसानंतर वल्हे हाती धरले नाही. परवान्याचा नवा, इंजिनाचा डोंगा आला, तो मंगेश नावाच्या हुशार गड्याने चालवायला घेतला. भैयाजींनी ग्रामपंचायतीकडे घाटाची राखण मागून घेतली. पण एक गोष्ट गावाच्या डोळ्यांत सलत असे. घाटावर येणारा प्रत्येक जण पाण्याकडे तोंड करून मायला हात जोडी. भैयाजी जोडत नसत. कोणी म्हणे माणूस नास्तिक झाला, कोणी म्हणे भ्याला. खरे कारण फक्त त्यांच्या उराला ठाऊक होते, आणि उराने ते नऊ वर्षे कुलपात ठेवले होते.

यंदा परवानगी आली. सरपंच कामिनीताईंनी तहसीलला खेटे घालून ती आणली होती. अटी तीन: एका खेपेला चौदाच माणसे, प्रत्येकाच्या अंगात जाकीट, आणि मायच्या जागी कोणीही उभे राहायचे नाही. एका खेपेत जरी अट मोडली तर घाटच बंद, म्हणजे पलीकडच्या बांध्याही बंद. कामिनीताईंनी तो कागद भैयाजींच्या हाती दिला. "काकाजी, मी सांगून पाह्यलं, मले हासून राहिले लोकं. तुमचं आयकतीन."

मंडईची सकाळ उजाडली. ढोल वाजत होता, नारळांची पोती उतरत होती, पोरीबाळी नटल्या होत्या. भैयाजी एकेकाला जाकीट देऊ लागले, आणि हशा पिकला.

"भैयाजी, मायच्या दर्शनाले जाऊन राहिलो गा, रोड झाडाले नाई!" पिंटू किराणावाला ओरडला. "हे नारंगी घालून माय ओळखन का आमाले?"

"तुले तर माय तुया पोटावरूनच ओळखन," मंगेश डोंग्यातून म्हणाला. "घाल गपचूप. पट्टा पुरला तर!"

हशा वाढला. तोवर गर्दी दुभंगली आणि सुंदरबाई पुढे आल्या. सत्तरीला टेकलेल्या, वाकलेल्या, हातात ते हिरवे लुगडे छातीशी धरलेले. ढोल आपोआप थांबला. भैयाजींनी दोन्ही हातांनी जाकीट पुढे केले.

"घाला वयनी."

"हे नोको मले," त्या शांतपणे म्हणाल्या. "मायच्या दारी जातानी जाकीट? भरोसा नाई का मायवर? आन् बसून ओटी भराची म्हनते ते कामिनी. नऊ वर्साची वाट पाह्यली मी, भैयाजी. मी उभी राहीन."

"आमीबी उभे राहू!" मागून एक आवाज आला. मग दुसरा, मग दहा. "बुडालो तं बुडालो! मायनं बोलावलं तं कोन अडवन?" कोणी जाकिटे वाळूत टाकू लागले.

भैयाजींनी वाळूत पडलेल्या जाकिटांकडे पाहिले. सांगितले नाही, तर हे लोक उठणार, वळणार, वाकणार. आज नाही तर पुढल्या मंडईला पाणी पुन्हा कोणाचे तरी लेकरू घेणार. आणि सांगितले, तर ज्या एका वाक्यावर ही म्हातारी जगली, ते वाक्य आपल्याच हाताने मोडायचे. एकीकडे गावाचे प्राण, दुसरीकडे एका आईचा आधार. देवा, असा तराजू कोणाच्या हाती देऊ नकोस!

त्यांनी दुपट्टा डोक्यावरून काढला.

"वयनी, रुखमाले मायनं नाई बोलावलं."

सुंदरबाईंनी मान वर केली.

"काय म्हनतं तू?"

"लोकं डाव्या अंगाले वाकले का डोंगेवाल्यानं उजव्या काठावर बसाचं असते. वल्हं पान्यात रोवून धराचं असते. माह्या बापानं शिकवलं होतं मले, नेंगटा पोरगा होतो तवापासून. म्या नेहमी धरत होतो. त्या दिवशी कडुनिंब दिसला आन् मले भरून आलं. आपलं घर आठोलं, अंगन आठोलं. म्या वल्हं सोडलं, वयनी. म्याबी डाव्या अंगाले वळून हात जोडले. म्या धरून राह्यतो तं डोंगा सावरला असता. एकवीस मानसं म्याच बसू देल्ली. हे म्या केलं. मायनं नाई."

सुंदरबाईंच्या हातातले लुगडे खाली घसरले. कामिनीताईंनी ते वाळूला लागण्याआधी झेलले. म्हातारी भैयाजींपाशी आली. ती मारील असे साऱ्यांना वाटले, आणि भैयाजींनी मान खाली घालून ते मान्यही केले होते.

"नऊ वर्स," ती म्हणाली. "नऊ वर्स म्या मायले म्हनत होती, काहून नेली वो माही पोरगी? दुसऱ्या कोनाची नाई दिसली का तुले? रोज भांडत होती. आन् तू हेथी उभा राहून आयकत होता?"

"होय."

"मायनं निमूट आयकून घेतलं. तिच्या मनी काय झालं असन रे, भैयाजी? आपलं पाप तिच्या पदरात टाकलं तू."

भैयाजी गुडघ्यांवर बसले. त्यांना रडता येईना. नऊ वर्षे ज्या पाण्याला त्यांनी हात जोडले नव्हते, त्या पाण्यापुढे ते नुसते बसून राहिले.

सुंदरबाईंनी वाकून वाळूतले एक जाकीट उचलले आणि कामिनीताईंपुढे धरले. "घालून दे मले. मले बंद नाई समजत." मग पिंटूकडे वळून म्हणाल्या, "तू काय पाहून राह्यला? घाल!"

पहिल्या खेपेला तेरा माणसे मोजून बसली. चौदाव्या जागी कोण, असे मंगेशने विचारले, तेव्हा म्हातारीने बोट केले. भैयाजी डोंग्यात चढले आणि उजव्या काठावर बसले. लाल डब्यांमधून डोंगा निघाला. कडुनिंबाचा शेंडा आला. मंगेशने इंजिन बंद केले. कोणी उठले नाही. सुंदरबाईंनी बसल्या बसल्या लुगडे पाण्यावर पसरले, वर नारळ, हळद, कुंकू, मूठभर तांदूळ. त्या ओठांतल्या ओठांत मायशी काही बोलल्या. क्षमा मागितली असावी. ते त्या दोन आयांमधले होते. लुगडे थोडा वेळ तरंगले, मग हिरव्या पाण्यात हिरवे होऊन उतरत गेले.

डोंगा परत फिरला. क्षमा केली असे त्या भैयाजींना म्हणाल्या नाहीत, आणि भैयाजींनीही मागितली नाही. अर्ध्या वाटेवर त्या पाण्याकडे पाहतच म्हणाल्या,

"कोठी बसली होती रुखमा?"

भैयाजी दचकले. नऊ वर्षांत हे कोणी विचारले नव्हते. मायने बोलावलेल्या लेकरांचे शेवटचे क्षण कोणी विचारत नाही.

"माह्यापुढं, वयनी. डाव्या अंगाले. चपला काढून मांडीखाली घेतल्या होत्या. नव्या होत्या ना."

"तुमसरच्या बाजारातून आनल्या होत्या. बोलली काही?"

"पान्यात हात घातला न् म्हने, काकाजी, पानी कोमट आहे."

मंगेशने कोणी न सांगता इंजिनाचा वेग कमी केला. काठावर पुढच्या खेपेचे चौदा लोक पट्टे लावून उभे होते. त्यांना थांबणे भाग होते, आणि ते थांबले.

"आनिक?" त्या म्हणाल्या. "आनिक सांग."