पडद्यावरचे मास्तर

शिलाई मशीनची दुरुस्ती शिकवणारे आमचे मास्तर तोंडाने कमी आणि हाताने जास्त शिकवायचे. मी शेजारच्या खोलीत वायरिंग शिकवतो, त्यामुळे त्यांची ठोकठोक मला पाठ होती. संस्थेने अर्धे वर्ग ऑनलाइन केले तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. पहिल्या पाठात नुसते हात आणि मशीन दिसत होतं. प्राचार्य म्हणाले, "जरा आकर्षक करा."

मास्तरांच्या सुनेने ते मनावर घेतलं. मागे संगीत आलं, उड्या मारणारे बाण आले, आणि खाली उजव्या कोपऱ्यात एका गोलात बोलणारे मास्तर आले. दोघातिघांनी कौतुक केलं, झालं. मास्तर हरभऱ्याच्या झाडावर चढले. त्यांनी गोल मोठा करून घेतला, केसांना कलप लावला आणि मधल्या सुट्टीत ते प्रत्येक पाठ मला दाखवू लागले. "आता बघ हं, इथे मी कसा बोललोय." मशीनकडे ना ते बघत होते, ना मी.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी कपड्यांच्या कारखान्याचा सुपरवायझर आला. त्याला एक मेकॅनिक हवा होता, आणि ती नोकरी वर्गातल्या वयाने मोठ्या बाईंना मिळावी असं मास्तरांच्या फार मनात होतं. दोन मुलं सांभाळून त्यांनी एकही पाठ चुकवला नव्हता. काम ठरलेलं होतं: वर येणाऱ्या सुईला, खालून दोरा पकडणाऱ्या शटलचं टोक नेढ्याच्या किंचित वर गाठेल, असं शटल बसवायचं. बाईंनी चाक फिरवलं आणि सुई मोडली. दुसरीही मोडली. शेजारच्या टेबलावर तेच चाललं होतं.

मास्तर भडकले. "इतक्यांदा दाखवलंय. डोळे कुठे होते तुमचे?"

बाई मान खाली घालून म्हणाल्या, "सर, शटल दिसतच नव्हतं. तिथे तुमचा गोल होता."

मास्तरांनी फोन काढून तिथेच पाठ लावला. संगीत सुरू झालं. पडद्यावरचे मास्तर हसून सांगत होते, "हे टोक नीट बघा," आणि अख्खं शटल त्यांच्या हनुवटीमागे झाकलेलं होतं. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना तर फोनही बंद करता येईना. पडद्यावरचे मास्तर बोलतच राहिले.

सुपरवायझर उठला तसे मास्तर दारापर्यंत त्याच्यामागे गेले. "चूक माझी आहे हो. जरा वेळ द्या, मी समोर बसून शिकवतो."

"मास्तर, मला माणूस आजच लागतोय," तो म्हणाला आणि दुसऱ्या संस्थेकडे निघून गेला.

परत येऊन मास्तरांनी हलक्या आवाजात विचारलं, "बाई, तेव्हाच का नाही बोललात?"

"बाकीचे सगळे समजलं म्हणत होते. मला वाटलं, मलाच कळत नाहीये. विचारायची लाज वाटली."

मास्तर बाकावर बसले. बाईंकडे बघायचा त्यांना धीर होईना.

"आणि मी तुम्हाला विचारलं, डोळे कुठे होते," ते म्हणाले.