येतो हं!

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक पुण्याचं कुटुंब राहायचं. तो एका बिल्डरकडे सेल्समध्ये, ती घरी, दोन मुलं आणि एक तपकिरी लॅब्रडॉर. घरांचे भाव कोसळले त्या क्रॅशमध्ये त्याची नोकरी गेली. एका सकाळी त्याने कुत्र्याचा पट्टा माझ्या हातात दिला. "वहिनी, चार दिवस पुण्याला जाऊन परततो, इन्शाल्ला." मग कुत्र्याच्या डोक्यावर थोपटत म्हणाला, "येतो हं!"

चार दिवसांनी फोन बंद. पुढे घरमालकाच्या माणसाने कुलूप तोडलं तर आत काय, रिकामी कपाटं! भिंतीवरचं घड्याळसुद्धा काढून नेलं होतं, कुत्र्याचं भांडं तेवढं ठेवलं होतं. शिसारी आली मला. नोकरी जाणं हातात नसतं, मान्य. पण तोंडावर सांग ना मेल्या, "याला नेता येत नाही, सांभाळा." मी नाही म्हटलं असतं का?

कुत्रा त्या बंद दारासमोर बसून. अन्नाला तोंड लावेना. चार दिवसांत बरगड्या दिसायला लागल्या. नवरा म्हणाला, "यल्ला, चल, याला बाहेर काढू, नाहीतर मरेल."

मग दर शुक्रवारी सुट्टीला वाळवंटात फेरी. आमची जुनी गाडी, पाण्याचे कॅन, दहीभाताचा डबा आणि मागे लेकीच्या मांडीवर तो. पहिल्यांदा उंट दिसला तेव्हा सीटखाली घुसला, पळपुटा! हळूहळू रुळला. वाळूत उतरला की सुसाट धावायचा, नाकात वाळू गेली की शिंकायचा, पुन्हा धावायचा. दहीभात चाटूनपुसून खायला लागला. सीटला वास, ओढणीला लाळ, पण म्हटलं असू दे, जगतोय ना.

एकदा खोर फक्कानच्या समुद्रकिनाऱ्याकडे जाताना वाटेवर पेट्रोल पंपाशी थांबलो. नवरा उतरताना म्हणाला, "पाणी घेऊन येतो हं." कुत्र्याने खाली उडी मारली आणि तापलेल्या सिमेंटवर फतकल मारून बसला. नवरा बाटल्या घेऊन समोर उभा राहिला, तरी हा त्याच्या पलीकडे रस्त्याकडेच बघतोय. शेवटी उचलून आत घातला. पंजे लालबुंद झाले होते.

"मम्मा, इट्स द वर्ड," लेक म्हणाली.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपल्यात निघताना 'जातो' म्हणायचं नाही, अशुभ! कायमचा पळणाराही 'येतो'च म्हणतो. आणि या मुक्या जीवाने ते खरं मानलं होतं. त्या दिवसापासून आमच्या घरात 'येतो' बंद. एकदा सासूबाईंनी फोनवर ऐकलं आणि कडाडल्या, "जळ्ळं मेलं लक्षण! 'जातो' काय म्हणतोस रे?" तरी आम्ही 'जातो'च म्हणत राहिलो.

वर्षभराने एका गुरुवारी पुण्याहून फोन. माझे हात कणकेत, म्हणून फोन स्पीकरवर. "वहिनी, कसा आहे आमचा हिरो?" आमचा! ना लाज, ना शरम. "इथे आता पग कुत्रा घेतलाय. मुलांना करमेना ना!" अंगावर पाल पडावी तसं झालं मला. मी तोंड उघडणार तोच तो लाडात आला, "काय रे लबाडा, ऐकतोयस ना? येतो हं!"

कणकेच्याच बोटाने मी फोन तोडला. पण माझ्या पायाशी झोपलेला कुत्रा उठला होता. शेपटी हलवत दाराशी जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. दहीभात भरला, पाणी भरलं. नवऱ्याने गाडीची किल्ली वाजवली, पुन्हा वाजवली. कुत्र्याने एक कान हलवला, पण तो दारातून उठला नाही.