तारेची वाघर

पौषातली सकाळ. नेऱ्याच्या शिवारावर धुकं असं बसलं होतं की उंबरावरून ओढलेली रेडिओची तार दिसत नव्हती. तिच्यावरून टपटपणारं दव तेवढं ऐकू येत होतं. हैबतरावांनी म्हशीची धार काढली, चरवी बायकोच्या, रत्नाबाईंच्या हाती दिली आणि भात निघालेल्या खाचरात गेले. तिथं धुळाजी धनगराची मेंढरं खतासाठी बसवली होती. मेंढरांभोवतीची वाघर, म्हणजे दोरीचं जाळं, रोज उपटून पुढच्या खाचरात लावायची.

हैबतरावांनी दोन खुंट्या उपटल्या नि हातातल्या घड्याळाकडं बघितलं.

"धुळाजी, बाकीचं आल्यावर. आठाला बसायचं हाय मला."

"बसा की हवालदार. तुमची कटकट आन् माझी बँबँ, दोनी चालू द्या."

हैबतराव अठरा वर्षं पलटणीत सिग्नलवर होते, टिंब-रेघांच्या कटकटीनं बिनतारी निरोप धाडायचे. पेन्शनीत आले, नांगराला लागले, पण बोटं स्वस्थ बसेनात. जेवताना ताटाच्या काठावर टिकटिक चालायची. शेवटी परीक्षा देऊन त्यांनी हौशी रेडिओचं लायसन काढलं आणि पुण्याच्या जुन्या बाजारातून मोडीतले पलटणी सुटे भाग आणून पडवीत सेट उभा केला. बॅटरी भरायला एसटीनं पुण्याला न्यायची. एक भरली की एक सकाळ निघायची.

पलटणीतला त्यांचा सोबती चाको आता केरळात होता. त्याचं कार्ड आलं होतं: 'मला जहाजावर बिनतारी निरोपांची नोकरी लागली. सोमवारी निघतो. रविवारी आठाला चाळीस मीटरच्या लहरीवर हाक मारीन, नाही जमलं तर साडेआठाला वीस मीटरवर. मग कधी भेट होईल, देव जाणे.'

आज तो रविवार होता.

दोन्ही लहरींना एकच तार चालायला हवी होती. म्हणून कार्ड आलं तेव्हाच हैबतरावांनी एकशे बेचाळीस फूट तांब्याची तार मोजली होती. चार झाडांवरून तिचा चौकोनी वेढा घालायचा ठरला. दगडाला सुतळी बांधून त्यांनी तो उंबरावर भिरकावला. तीनदा तो गोठ्याच्या कौलांवर आला.

"सरकारनं ह्यास्नी बंदूक दिली न्हाई, लई बरं केलं," रत्नाबाई म्हणाल्या.

मग धुळाजीनं कमरेची गोफण सोडली. एका झटक्यात दगड सुतळीसकट उंबरापलीकडं. बाकीच्या तीन झाडांना चार दगड लागले, तेही एकदा रत्नाबाईंनी हसवलं म्हणून.

उंबराच्या कोपऱ्यात वेढ्याची दोन टोकं सोडाबाटलीच्या मानेला अलीकडून-पलीकडून बांधली, एकमेकांना न टेकू देता. त्या दोन टोकांपासून दोन तारा शिडीसारख्या पडवीपर्यंत आणल्या. मधे चार-चार बोटांच्या बांबूच्या कांड्या, मेणात उकळलेल्या. उकळल्या रत्नाबाईंच्या कढईत. त्या अजून बोलत होत्या त्यावर.

काल संध्याकाळी सगळं ठीक होतं. सिलोनपासून कुणाकुणाचे आवाज येत होते.

आज आठाला हैबतरावांनी हेडफोन कानाला लावले, तर नुसती खरखर. तारेत जोर जातोय का ते कळायला शिडीत बसवलेला टॉर्चचा बल्ब बटणं कशीही फिरवली तरी पेटेना. बॅटरी बघितली, वायरी बघितल्या. सव्वाआठ झाले. कपाळाला घाम आला, पौषात.

"अवं, तार तुटली आसंल," रत्नाबाई म्हणाल्या.

हैबतराव शिडीच्या खालून चालत उंबरापाशी गेले. दोर सोडून कोपरा खाली उतरवला. बाटलीच्या मानेवरून दोन्ही टोकं एकमेकांना पिळून जोडलेली. वरून काळ्या लोकरीचा धागा, घट्ट. ती गाठ ते रोज सकाळी वाघरीला बघत होते.

"धुळाजीऽऽ!"

धुळाजी धुक्यातून आला. "व्हय, मीच. पहाटं, धुकं दाटायच्या आदी मेंढरं बघायला उठलो, तर वर दोन शेंडं सुटं. म्हटलं, हवालदार इसरलं, तवा दोर सोडून जोडलं. उघड्या वाघरीनं माझी दोन कोकरं गेली लांडग्याला. सुटं शेंडं बगवत न्हाई मला."

हैबतरावांच्या ओठांवर शिवी आली होती. गिळली.

"आरं, वाघरीला दार ठिवतोस का न्हाई?"

"ठिवतो की. पर दारात मी सोता निजतो."

"मग हितलं दार हे. माझी मेंढरं हितनंच जात्यात नि हितनंच येत्यात. तू दारच शिवून टाकलंस, बाबा!"

धुळाजीनं जीभ चावली. त्याची गाठ त्यालाच सुटत होती, दातानं सोडवली. हैबतरावांनी टोकं वेगळी केली, कोपरा वर चढवला आणि पडवीकडं धावले. आठ अठ्ठावीस. वीस मीटर लावलं. बटणं फिरवता फिरवता बल्ब लाल झाला, मग पिवळा.

हाक दिली. ऐकलं. काही नाही. पुन्हा दिली.

खरखरीतून एक बारीक सूर आला. दुसऱ्या टिंबाला किंचित रेंगाळणारा हात. इतक्या वर्षांत तो बदलला नव्हता.

"चाको," हैबतराव म्हणाले. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

"काय म्हनतोय?" रत्नाबाई दारात.

"माझा सूर ठणठणीत येतोय म्हनतो. कसली तार लावलीस, विचारतोय."

"कढईचं सांगा त्येला."

त्यांनी कढईचं सांगितलं, गोफणीचं सांगितलं, दाराचंही. पलीकडं बराच वेळ हसण्याची टिकटिक चालली. मग आलं: 'जहाजावरही रविवारी सुट्टीच्या वेळी कान लावीन. दार उघडं ठेव.'

बॅटरी बसली. हैबतरावांनी सेटवर फडकं टाकलं.

पायऱ्यांशी धुळाजी उकिडवा बसला होता. "घावला का तुमचा मानूस?"

"घावला."

"मग चला. मेंढरं उपाशी हायेत, आन् वाघर आजून तितंच."

धुकं फाटत होतं. हैबतरावांनी धोतर खोचलं आणि खाचरात जाऊन तिसरी खुंटी उपटली.