सातेरीचं दूध

मुलगी आठ महिन्यांची झाली आणि मी पुन्हा प्रयोगशाळेत जायला लागले. नाशिकच्या एका कॉलेजात मी मधमाश्यांवर पीएचडी करत होते. काम अडलं होतं एका अँटीबॉडीपाशी. बोटाच्या पेराएवढी कुपी, तिच्या तळाशी जेमतेम थेंबभर द्रव. दाई माश्या अळ्यांना भरवायला डोक्यातल्या ग्रंथींतून दूध पाझरवतात, तीच रॉयल जेली. तिच्यातलं मुख्य प्रथिन ही अँटीबॉडी नेमकं हुडकते, त्याला चिकटते आणि चाचणीच्या पट्टीवर तिथे काळी रेघ उमटते. पण ती बनवली होती परदेशी माशीच्या प्रथिनावर. आपल्या सातेरी माशीचं प्रथिन तिला ओळखू येतं का, एवढंच मला बघायचं होतं.

सातेरीच्या पेट्या मिळाल्या पेठजवळच्या एका पाड्यावर, साठीतल्या एका मावशींकडे. त्या एकट्याच राहायच्या. धाकटी बहीण बाळंतपणात गेली, तेव्हा तिच्या जुळ्या मुली त्यांनी पदरात घेतल्या, वाढवल्या, त्यांची लग्नं करून दिली. मी त्यांना काम समजावलं. माश्यांची डोकी लागतील हेही सांगितलं. किती लागतील, असं त्यांनी विचारलं. तीस, मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि त्या घरात निघून गेल्या.

पेटी उघडायची मला भीती वाटत होती. म्हणून दारापाशी ये-जा करणाऱ्या माश्याच पकडल्या, बर्फात ठेवल्या आणि एसटीने परतले. दोन दिवसांनी पट्टी तयार झाली. तुलनेसाठी लावलेल्या परदेशी जेलीची रेघ ठळक होती. माझ्या माश्यांच्या जागी नुसती पुसट सावली. ही अँटीबॉडी सातेरीला ओळखत नाही असं लिहून मोकळी हो, माझे मार्गदर्शक सर म्हणाले. त्या संध्याकाळी मुलीला पाजताना मला रडू आलं. तीस माश्या फुकट गेल्या होत्या आणि ते मावशींना सांगायचं होतं.

रविवारी जाऊन खरं काय ते सांगून टाकलं. मावशी रागावल्या नाहीत. माश्या कुठून धरल्या होत्या, एवढंच त्यांनी विचारलं. दारातून, मी म्हणाले.

"त्या म्हाताऱ्या गं," त्या म्हणाल्या. "रानात जायला लागल्या की दूध आटतं त्यांचं. पाजणाऱ्या आत पोरांपाशी बसतात."

हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. माहीत असूनही मी सोयीचं तेवढं केलं होतं.

मावशींनी उघड्या हातांनी पेटीचं झाकण काढलं, पोळ्याची एक चौकट उचलली आणि माझ्यापुढे धरली. "धर. हळू धर, काय नाय करत." चौकट अंगासारखी ऊबदार होती. घराघरांत पांढऱ्या दुधात अळ्या पडलेल्या, आणि माश्या आत डोकं घालून त्यांना भरवत होत्या. या खेपेला मी वीसच घेतल्या.

आणि रेघ उमटली. सर चष्मा कपाळावर सरकवून कितीतरी वेळ संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिले.

त्या रेघेचा फोटो घेऊन मी मुलीसकट पाड्यावर गेले. मावशींनी मुलीला मांडीवर घेतलं आणि फोटो नीट पाहिला. मग त्यांनी विचारलं, ही रेघ काढणारं औषध येतं कुठून? मी सांगितलं: सशाला ते प्रथिन टोचतात, त्याच्या रक्तात हे औषध तयार होतं, मग कंपनीवाले रक्त काढून घेतात.

"तो ससा हाय का अजून?"

मला माहीत नव्हतं. तसं मी म्हणाले.

"मग विचार की त्यांना."

मी कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. प्रबंधाच्या आभाराच्या पानावर मावशींनंतर मी एक ओळ त्या सशासाठी लिहिली. सरांनी बाकी पानभर दुरुस्त्या केल्या, ती ओळ तशीच ठेवली.