यादीत नसलेला ट्रक

मी ओमानला निघालो त्या दिवशी अण्णा ड्यूटीवर होते, दापोलीच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून. मुंबईच्या गाडीची घोषणा त्यांनीच माइकवरून केली, नोंदवहीत वेळ टाकली आणि खिडकीतूनच हात केला. आई वैतागली, "पोरगा परदेशी चाललाय, दोन मिनिटं बाहेर या की!" तर म्हणाले, "गाडी सुटेपर्यंत खुर्ची सोडता येत नाही." ताई, तू तेव्हा हसली होतीस. मला मात्र भयंकर राग आला होता.

त्याला अकरा वर्षं झाली. मस्कतमध्ये दार्सैतला राहतो, जवळच रुसैलच्या गोदामात बसतो. काय काम करतोस, असं तुम्ही विचारता आणि मी 'लॉजिस्टिक्स' म्हणून सुटका करून घेतो. अण्णा आपल्या या घरच्या ग्रुपवर नाहीत, म्हणून आज इथे नीट सांगतो. शेजारच्या येमेनमध्ये लढाईने सगळं विस्कटलंय. तिथल्या दवाखान्यांना औषधं आणि गावांना पाण्याचे पंप पोचवणाऱ्या मदत संस्था एका बाजूला, रस्ते ताब्यात ठेवलेलं लष्कर दुसऱ्या बाजूला. संस्थांना लष्कराबरोबर दिसायचं नसतं, नाहीतर लोक त्यांना दारात उभं करत नाहीत. आणि लष्कराला विचारल्याशिवाय तर चाकही हलत नाही. मधे मी. ट्रकचे नंबर, ड्रायव्हरची नावं, वेळ, अशी यादी दोघांकडे पाठवायची. दोघांचा होकार आला की यल्ला, निघा. अडकित्त्यातली सुपारी निदान एकदाच कातरली जाते.

चार महिन्यांपूर्वी एका शुक्रवारी, म्हणजे इथल्या शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीत, ऐन निघायच्या वेळी एका ट्रकचा गिअरबॉक्स गेला. मी लहानपणापासून स्टँडवर जे पाहिलं तेच केलं. गाडी बंद पडली की अण्णा फळ्यावरचा नंबर पुसून दुसरा लिहायचे, दुसरी गाडी लागायची, माणसं चढायची, विषय संपला. मीही दुसरा ट्रक लावला आणि त्यावर सालेम नावाच्या येमेनी ड्रायव्हरला बसवलं. संस्थेला कळवलं. लष्कराच्या इथल्या ऑफिसात कोणी फोन उचलेना. म्हटलं, रविवारी कळवू. माल तोच, रस्ता तोच, कोण बघतंय?

सीमेपलीकडच्या नाक्यावर लष्कराने बघितलं. यादीत नसलेला नंबर म्हणजे त्यांच्या लेखी शत्रूचा ट्रक. बाकीचे ट्रक पुढे गेले, सालेमला उतरवून घेतलं. तो अजून तिथेच कोठडीत आहे.

लष्कर म्हणतं, हा आमचा माणूस आहे असं संस्थेने लिहून द्यावं. संस्था म्हणते, एकदा लिहून दिलं की पुढच्या प्रत्येक ड्रायव्हरसाठी मागतील, आणि आम्ही लष्कराचे म्हणून गावोगाव बोभाटा होईल. दोघांचंही बरोबर आहे, हीच तर पंचाईत. लष्कराचे अधिकारी मला कावा, म्हणजे इथली कॉफी, पाजतात, खजूर पुढे करतात आणि इन्शाल्ला म्हणतात. संस्थेच्या बाई ईमेल मिळाल्याचं ईमेलने कळवतात. मी या ऑफिसातून त्या ऑफिसात फेऱ्या मारतो, घाण्याच्या बैलासारखा.

माझा व्हिसा या महिन्यात संपतोय. आई गेल्यापासून अण्णा एकटे आहेत, म्हणून आता परत यायचं हे आपण सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. तिकीट काढलं होतं. अण्णांनी माझी खोली रंगवून घेतली, रंग कुठला हे तीनदा फोन करून विचारलं. मलाही यायचं होतं रे, अगदी मनापासून यायचं होतं. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

सालेमची बायको रोज दुपारच्या नमाजानंतर फोन करते. चार महिने मी तिला 'ऑफिसची चूक झाली' एवढंच सांगत होतो. काल तिने विचारलं, "तुम्ही कायमचे घरी चाललात असं कळलं. खरं का?" तिच्या आवाजात राग नव्हता. म्हणून असेल, मला खोटं बोलता आलं नाही. म्हटलं, "बहिणी, ट्रक मी बदलला. लष्कराला कळवायचं मीच राहू दिलं. चूक माझी."

ती मग म्हणाली, "मग तुम्ही जाऊ नका."

आता घर म्हटलं की दापोलीच्या खोलीबरोबर मला हिचंही घर दिसतं, कधी न पाहिलेलं. त्या घरी माणूस पोचवल्याशिवाय मी आपल्या घरी येऊन जेवू कसा? आज सकाळी व्हिसाच्या अर्जावर सही केली. आणखी दोन वर्षं.

ताई, अण्णांना तूच सांग. मला जमणार नाही.