चिंचवडच्या सभागृहाचा रखवालदार

पिंपरीला कारखाना उभा राहत होता, त्या दिवसांत आमच्या चिंचवडच्या सभागृहाचा रखवालदार खुर्च्या झटकता झटकता येईल त्या पाहुण्याला सभागृहाचा इतिहास सांगे. लोक तल्लीन होऊन ऐकत. इतिहासाची पुस्तिका लिहिण्याचे काम मात्र माझ्याकडे होते. शाळामास्तर असूनही पन्नाशीत प्रथमच काही लिहायला बसलेल्या मला त्या निरक्षर माणसाचा हेवा वाटे.

एकदा सभागृह बांधून देणाऱ्या घराण्यातील वृद्ध आईसाहेब मजकूर ऐकण्यास आल्या. मी दानपत्रासह सारे वाचले. त्यांनी सौजन्याने मान हलवली. तेवढ्यात रखवालदार म्हणाला, "आईसाहेब, आमी पाया खणताना तुमी सोता ताक वाढत व्हता. म्या चार तांबे पिलो!"

"पाच, मेल्या!" त्या खळखळून हसल्या आणि मग डोळे पुसू लागल्या. "मास्तर, हे पुस्तिकेत घाला हो."

"व्हय मास्तर, लिवा की," तोही निर्मळपणे म्हणाला.

मी लिहिले. त्यात ताक आले, आईसाहेब आल्या. त्याचे नाव मी घातले नाही. पुढे प्रत्येक पाहुण्याच्या हाती ती पुस्तिका ठेवून तो सांगे, "वाचा राव, आमच्या मास्तरांनी लिवलीया."