पोस्टमनदादांचा व्यायाम

पाच किलोमीटरच्या पहिल्यावहिल्या शर्यतीसाठी पोस्टमनदादांनी सायकल घरी ठेवून पत्रंसुद्धा पळत वाटली. आठवड्यात गुडघा सुजला आणि शर्यत हातची जाणार असं दिसू लागलं.

"बाबा, दिवसाआड पळा, मधल्या दिवशी सायकल चालवा!" व्यायामशाळेत शिकवणारी लेक कडाडली.

"सायकल ही माझी नोकरी, तो व्यायाम कसला?"

"पायांना काय ठाऊक, पगार कशाचा मिळतो ते!"

दादा सायकलीवर बसले. वीस वर्षं जो चढ ते सायकल ढकलत चढायचे, तो महिन्याभरात त्यांनी पेडल मारत पार केला. गुडघ्याने हूं की चूं केलं नाही. वरच्या पहिल्याच घराची घंटा त्यांनी दणकून वाजवली.

"पत्र नाही हो तुमचं, पण रविवारी मी पळतोय!"